वारसा यादी आणि घरयादी: एकाच वाड्याच्या दोन नोंदी

पुण्याच्या पेठांत हातात कागद किंवा मोबाइल घेतलेला कुणी दिंडी दरवाजातून आत आला, की चौकातून पहिला प्रश्न येतो: "कशासाठी आलात?" तो रास्तच आहे. मिळकतकराची आकारणी, पावसाळ्याआधीची धोकादायक इमारतींची पाहणी, पुनर्विकासासाठी घेतलेली मापं, असं बरंच काही या वाड्यांनी पाहिलं आहे. प्रत्येक मोजणीनंतर काहीतरी हातचं जाईल, ही धास्ती भाडेकरूलाही असते आणि मालकालाही.

त्यात दोन याद्यांची हमखास गल्लत होते. एक महापालिकेची वारसा यादी, दुसरी जनगणनेची घरयादी. दोन्हींत इमारतीची नोंद होते, दोन्हींसाठी कुणीतरी भिंतीकडे आणि छपराकडे पाहून काहीतरी लिहून घेतं. महापालिका हद्दीत जनगणनेचे प्रमुख अधिकारी आयुक्तच असतात आणि दारात येणारा प्रगणक बहुधा जवळच्याच शाळेतला शिक्षक असतो. त्यामुळे रहिवाशांना दोन्ही कामं 'महापालिकेची' वाटतात. एकीची भीती दुसरीला चिकटते, आणि मग जनगणनेच्या माणसाला अर्धवट उत्तरं मिळतात, नाहीतर दारच उघडत नाही. या याद्या कायद्याने, हेतूने आणि परिणामाने इतक्या वेगळ्या आहेत की हा गोंधळ आधीच दूर झालेला बरा.

वारसा यादीचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखालची विकास नियंत्रण नियमावली. मुंबईने १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियम लागू केले आणि देशातल्या शहरांपुढे उदाहरण ठेवलं. यादीत वास्तूला पहिली, दुसरी किंवा तिसरी श्रेणी मिळते. पहिल्या श्रेणीत जतनासाठी लागेल तेवढाच हात लावता येतो. दुसरीत आतले बदल जपून करता येतात. तिसरीत बरीच मोकळीक असते, पण वास्तूचं आणि परिसराचं रूप बिघडता कामा नये. बांधकामात फेरफार करायचा तर वारसा संवर्धन समितीचं मत लागतं. बंधनामुळे जे बांधता येत नाही त्याबदल्यात टीडीआरची, म्हणजे तेवढा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे. यादी करताना मसुदा जाहीर होतो, हरकती मागवल्या जातात, आणि अंतिम यादी कुणालाही पाहता येते. म्हणजे ही यादी उघड आहे आणि ती मालकाच्या हक्काला खरोखर हात घालते. (शनिवारवाडा यात धरू नका. ते केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक, त्याला १९५८ चा वेगळा कायदा.)

घरयादीचा कायदा १९४८ चा, जनगणना अधिनियम. घरयादी हा जनगणनेचा पहिला टप्पा. २०२७ च्या जनगणनेसाठी तो एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात ठेवला आहे. प्रत्येक राज्याला त्यातले ३० दिवस, आणि त्याआधीचे १५ दिवस घरबसल्या स्वतः माहिती भरण्यासाठी. माणसांची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भाचा क्षण, म्हणजे गणना ज्या क्षणाची धरायची तो, १ मार्च २०२७ लागतो ती मध्यरात्र. सगळ्या जातींची नोंद होणार ती या दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्याच्या ३३ प्रश्नांत घर, कुटुंब आणि सोयीसुविधा आहेत: पाणी कुठलं, संडास स्वतःचा की सामाईक, स्वयंपाक कशावर, इंटरनेट आहे का, खाण्यात मुख्य धान्य कोणतं.

या ३३ प्रश्नांत इमारत किती जुनी, कुणी बांधली, इथे कोण मोठं माणूस राहून गेलं, यातलं काहीही नाही. उलट वारसा यादीला आज त्या वाड्यात किती माणसं राहतात, त्यांना पाणी किती वेळ येतं, याच्याशी कर्तव्य नाही. विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, दर्शनी भागात कोरीव लाकूडकाम असलेला. वारशाचा विषय निघाला की त्याचं नाव पहिल्या काहींत येतं. घरयादीत मात्र तिथे कुणी राहत नाही, म्हणून 'निवासी नाही' एवढं लिहिलं की कुटुंबाचे पुढचे सगळे प्रश्न गळून पडतात. त्याच्या मागच्या गल्लीतला एखादा साधा वाडा बघा, ज्याच्या दारावर ना फलक, ना श्रेणी, पण आत पाच-सहा बिऱ्हाडं आहेत. घरयादीच्या दृष्टीने जास्त काम तिथे आहे.

आणि अशा वाड्यातच घरयादी नीट होणं सगळ्यात अवघड. जनगणनेत इमारत, घर आणि कुटुंब या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इमारत म्हणजे सगळा वाडा. रस्त्यावरून, सामाईक चौकातून किंवा जिन्यावरून ज्याचं स्वतंत्र मुख्य दार आहे, तो प्रत्येक भाग वेगळं 'घर'. ही व्याख्या वाड्याकडे पाहूनच लिहिली असावी असं वाटतं. समजा वाड्याला इमारत क्रमांक १२ आला. दर्शनी बाजूचं किराणा दुकान १२(१), चौकात उघडणारी दोन खणी खोली १२(२), जिन्याने वर गेल्यावरचा भाग १२(३), आणि माडीवरची कुलूप लावलेली खोली १२(४). आता १२(३) मध्ये दोन भाऊ राहतात, पण स्वयंपाक वेगळा. मग घर एक आणि कुटुंबं दोन, कारण जनगणनेत कुटुंब ठरतं ते एका चुलीवर जेवणाऱ्यांवरून. शिधापत्रिका एक आहे की दोन, वीजमीटर कुणाच्या नावावर आहे, याचा इथे संबंध नाही.

प्रगणक घाईत असेल आणि दर्शनी खोलीतल्या आजोबांनी "आम्हीच राहतो इथे" असं सांगून त्याला वाटेला लावलं, तर वरची दोन कुटुंबं यादीतून राहून जातात. दुसऱ्या टप्प्याची आखणी याच यादीवर होते. म्हणून वाड्यातल्या माणसाने प्रगणकाला स्वतःहून आत, मागच्या परसापर्यंत आणि माडीपर्यंत नेलं पाहिजे.

भिंत आणि छप्पर कशाचं, हे प्रश्न ऐकून गल्लत आणखी वाढते, कारण वारशाचा अभ्यासकही नेमकं तेच विचारतो. पण अभ्यासकाला सगळे थर हवे असतात: खाली घडीव दगड, वर वीट, सागवानी खांब आणि तुळया, मातीचा गिलावा. घरयादीला फक्त प्रमुख साहित्याचा एक संकेतांक हवा असतो. छपराच्या बाबतीत मात्र ती एक बारीक फरक करते, जो वारसाप्रेमींनाही सुखावेल. २०११ च्या घरयादीत हाताने घडवलेली कौलं आणि यंत्राने बनवलेली कौलं यांना वेगवेगळे संकेतांक होते. कुंभाराची अर्धगोल कौलं जाऊन मंगलोरी कौलं कुठे कुठे आली आणि तीही जाऊन पत्रा कुठे पडला, याचा माग अशा आकड्यांतून लागू शकतो.

धास्ती खरी आहे ती दोन प्रश्नांबद्दल. एक, घर स्वतःचं की भाड्याचं. दुसरा, घराची स्थिती: चांगलं, राहण्याजोगं की मोडकळीस आलेलं? भाडेकरूला वाटतं, 'मोडकळीस' लिहिलं की उद्या वाडा खाली करायची नोटीस. मालकाला वाटतं, 'भाडेकरू' अशी नोंद झाली की उद्या तेच न्यायालयात पुरावा. दोघांचं उत्तर जनगणना अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आहे. प्रगणकाने केलेली नोंद पाहण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि ती कोणत्याही दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. फौजदारीतही नाही, अपवाद फक्त याच कायद्याखालच्या गुन्ह्यांचा. कर्मचाऱ्याने माहिती बाहेर फोडली तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कलम १५ दोन्ही बाजूंनी लागू होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. जनगणनेतली नोंद दाखवून भाडेकरूला आपला ताबा सिद्ध करता येणार नाही आणि मालकाला तो नाकारताही येणार नाही. त्यासाठी भाडेपावत्या, करार, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या गोष्टी आहेत. धोकादायक इमारतीची नोटीस येते ती महापालिकेच्या स्वतंत्र पाहणीतून, घरयादीतून नाही. वारसा श्रेणीही घरयादीतून ठरत नाही. त्यामुळे घर मोडकळीला आलं असेल तर तसंच सांगावं. खोटं 'चांगलं' सांगून काही वाचत नाही. फक्त मोडक्या घरांत किती लोक दिवस काढताहेत हा आकडा कमी दिसतो आणि पेठांचं दुखणं कागदावर येतच नाही.

अशीच धास्ती मोठ्या प्रमाणावर पन्हाळ्यावर दिसली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत आले. त्यांतले शिवनेरी, लोहगड, राजगड पुणे जिल्ह्यातले. त्यांच्यावर गाव नाही, पन्हाळ्यावर मात्र नांदती वस्ती आणि नगरपरिषद आहे. जागतिक वारशाचं मानांकन मिळालं तर आपल्या घरादाराचं काय, हा प्रश्न तिथल्या रहिवाशांनी उघडपणे विचारला होता. तो वारसा यादीबद्दलचा योग्य प्रश्न आहे, त्याचं उत्तर देणं शासनाचं काम आहे. पण त्या रागापोटी कुणी प्रगणकाला दारातून परत पाठवलं, तर नुकसान वस्तीचंच. किल्ल्यावर इतकी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे ठामपणे सांगणारी सरकारी नोंद जनगणनेचीच असते.

जनगणना म्हणजे रूक्ष आकडे आणि वारसा म्हणजे जिव्हाळा, अशी वाटणी मला पटत नाही. कायद्यातच पाहा. कलम ८ नुसार जनगणनेच्या प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक आहे, पण त्यात एक सवलत आहे: कोणत्याही स्त्रीवर नवऱ्याचं नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि रूढीने ज्याचं नाव घ्यायचं नाही त्या कुणाचंही नाव सांगण्याची नाही. उखाण्यातच नाव घेणाऱ्या आज्या-पणज्यांचा हा देश आहे, हे १९४८ च्या कायद्याने ध्यानात ठेवलं होतं. १९६१ च्या जनगणनेच्या निमित्ताने तर निवडक गावांची पाहणी झाली, हस्तकलांची माहिती गोळा झाली, आणि महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा स्वतंत्र खंड निघाला. पुण्यासाठी १९६१ ला आणखी एक अर्थ आहे. ती गणना मार्चच्या सुरुवातीला पुरी झाली, आणि १२ जुलैला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे त्या दिवशी गेले. पुराआधीचं पुणं केवढं होतं, किती घरांचं आणि किती माणसांचं, हे त्या जनगणनेच्या तक्त्यांत राहिलं. तेव्हा या वाड्यांची वारसा यादीच नव्हती.

म्हणून शहराने जनगणनेचं आवाहन करताना फक्त 'राष्ट्रीय कर्तव्य' असं लिहिलेले फ्लेक्स लावून थांबू नये. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाला पुण्यात वारसा फेऱ्या निघतात, लोक वाड्यांच्या चौकात उभे राहून माहिती ऐकतात. तिथे इतिहास सांगणाऱ्यानेच पाच मिनिटं घरयादीबद्दल बोलावं. वाड्याबाहेरच्या माहिती फलकाजवळ साध्या मराठीत दोन वाक्यं लावावीत: ही वारशाची नोंद आहे, जनगणनेची नोंद वेगळी असून ती गोपनीय असते. आणि सगळ्यात उपयोगाची माणसं म्हणजे गणेश मंडळांचे कार्यकर्ते. कुठल्या वाड्यात मागच्या बाजूला कोण राहतं, कुणाच्या चुली वेगळ्या झाल्या, कुणाच्या खोलीत हल्ली बाहेरगावची मुलं राहतात, हे वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्याला पाठ असतं. त्याने फॉर्म भरायचा नाही की माहिती हाताळायची नाही, फक्त प्रगणकासोबत चौकात येऊन "हे जनगणनेचे सर आहेत, खरे आहेत" एवढं सांगायचं. ओळखपत्र मात्र तरीही पाहावंच. बँक खातं, ओटीपी, उत्पन्न यातलं काही विचारलं तर तो प्रगणक नाही, हेही मंडळाच्या फलकावर लिहावं.

दुसऱ्या टप्प्यात तर निमित्त आपसूक जुळून आलं आहे. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, संदर्भाच्या मध्यरात्रीच्या अगदी जवळचा. माणसांच्या गणनेत मातृभाषा विचारण्याची रीत जुनी आहे. २०११ मध्ये मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले आणि मराठी देशात तिसऱ्या क्रमांकावर आली. खानदेशातून पुण्यात आलेल्या घरात अहिराणी बोलली जात असेल तर अहिराणीच सांगावी. तिची नोंद जनगणनेत वेगळी होते, आणि भाषेचा वारसा जपण्याची ती सगळ्यात सोपी पायरी आहे.

एक शेवटची गल्लत, पेठेतून कोथरूड-सिंहगड रस्त्याला गेलेल्यांची. वाड्यातली खोली अजून नावावर आहे, गणपतीला तिथेच जमायचं, कुणी विचारलं तर "आम्ही मूळचे सदाशिव पेठेतले" असंच सांगायचं. हे सगळं खरं आहे आणि वारशाच्या दृष्टीने मोलाचं आहे. पण कुटुंबाची नोंद जिथे रोज राहता तिथेच, म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटवर. पेठेतली बंद खोली रिकामी म्हणूनच लिहिली जावी. दोन्हीकडे नावं दिली तर कोथरूडच्या पाण्याचा हिशोबही चुकेल आणि पेठ किती ओस पडली हेही लपेल. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली असेल तर त्यांना एवढंच सांगून ठेवा: या खोलीत सध्या कुणी राहत नाही, आमची नोंद तिकडे झाली आहे.