पॉवर, अथॉरिटी, एक्स्पर्ट : इंग्रजीतील शब्दसंगती

इंग्रजीत सत्ता आणि जाणकारी सांगणारे शब्द कोणत्या शब्दांशेजारी बसतात आणि कोणत्या बसत नाहीत, हा शब्दसंगतीचा विषय आहे. इथे चूक झाली तरी व्याकरण शाबूत असते, अर्थही पोचतो. फक्त कानाला खटकते. इंग्रज भाषातज्ज्ञ हॅरल्ड पामर यांनी जपानमधील विद्यार्थ्यांसाठी १९३३ मध्ये अशा शब्दजोड्यांचा अहवाल तयार केला. पुढे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून होते, असा विचार मांडला. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांचे १९६६ मधील उदाहरण प्रसिद्ध आहे : चहा ‘स्ट्राँग’, मोटार ‘पॉवरफुल’, उलट चालत नाही. मराठीत चहा कडकच असतो, त्याला कोणी बलवान म्हणत नाही.

‘पॉवर’ची सोबत सर्वांत मोठी. ती ‘सीझ’ करतात (बळकावतात), ‘एक्सरसाइज’ करतात (वापरतात), ‘वील्ड’ करतात (चालवतात). यातले ‘वील्ड’ हे तलवारीलाही लागते. ‘इन पॉवर’ म्हणजे सत्तेवर. अनेकवचनात अर्थ सरकतो : ‘इमर्जन्सी पॉवर्स’ म्हणजे आणीबाणीतील अधिकार, तर ‘ग्रेट पॉवर्स’ म्हणजे बडी राष्ट्रे. मराठीने हा शब्द घेतला, पण सोबत आपली दिली. चष्म्याला पॉवर असते, ‘जास्त पॉवरची गोळी’ मागितली जाते. इंग्रज तिला ‘स्ट्राँगर’ म्हणेल. विहिरीवरच्या मोटरीचा ‘एचपी’ मात्र जसाच्या तसा आला.

खरी गंमत ‘अथॉरिटी’त आहे. लॅटिन ‘ऑक्टोरिटास’पासून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दात हुकूम आणि विद्वत्ता दोन्ही नांदतात, आणि वेगळे करते ते इवलेसे शब्दयोगी अव्यय. ‘अथॉरिटी ओव्हर’ माणसांवर चालते, ‘अथॉरिटी ऑन’ विषयावर. मराठीत ‘अधिकार’ अगदी असाच दुहेरी आहे, पण आपल्याकडे दोन्हीकडे ‘वर’च येतो : कर्मचाऱ्यांवर अधिकार, ज्ञानेश्वरीवर अधिकार. त्यामुळे मराठी माणूस ‘ऑन’ आणि ‘ओव्हर’ यांत घोटाळतो. ‘संगीतातील अधिकारी व्यक्ती’चे इंग्रजी ‘ऑफिसर’ असे केले, तर गवयाला थेट कचेरीत बसवल्यासारखे होते. अनेकवचनी ‘दि अथॉरिटीज’ म्हणजे प्रशासन. ‘ऑन गुड अथॉरिटी’ म्हणजे खात्रीलायक माहितीवरून.

‘एक्स्पर्ट’च्या मुळाशी करून पाहणे आहे, लॅटिन ‘एक्स्पर्टस’ म्हणजे अनुभव घेतलेला. आपला निष्णात विषयात बुडी मारून आलेला, पारंगत पैलतीरी पोचलेला. इंग्रजाचा तज्ज्ञ हात पोळून शिकलेला म्हणायचा. त्याला क्षेत्रासाठी ‘इन’, कसबासाठी ‘ॲट’, भाष्यासाठी ‘ऑन’ लागते, पण सीमा काटेकोर नाहीत. नामापूर्वीही तो बसतो : ‘एक्स्पर्ट विटनेस’, ‘एक्स्पर्ट ओपिनियन’. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ४५ परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांबाबत तज्ज्ञांचे मत ग्राह्य धरत असे. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ३९ झाले.

‘एक्स्पर्टीज’चे अनेकवचन सहसा होत नाही, आणि ती बळकावताही येत नाही. ती ‘शेअर’ करतात, ‘लेंड’ करतात. मराठीत याची जोडी शब्दाला शब्द लावून जमत नाही. ‘टेक्निकल एक्स्पर्टीज’ला तांत्रिक तज्ज्ञता म्हणता येते, पण ‘मोठी तज्ज्ञता’ कोणी म्हणत नाही. मराठीत व्यासंग दांडगा असतो, अभ्यास गाढा.