युद्धकाळातली बाई आणि मराठवाड्याची कविता

या विषयाची सुरुवात रिवाजाने तेराव्या शतकातल्या रुक्मिणीच्या धवळ्यांपासून, म्हणजे महदंबेनं रचलेल्या लग्नगीतांपासून, करतात. मराठवाड्यापुरता खरा ऐवज मात्र १९४७-४८चा. जुनी माणसं अजूनही वय सांगताना ‘रझाकारात झालो’ म्हणतात, म्हणजे निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या धुमाकुळात.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नोव्हेंबर १९४७मध्ये संस्थानाचा भारताशी जैसे थे करार झाला. पुढच्या महिन्यांत रझाकारांच्या दहशतीनं सरहद्दीलगतच्या गावांतून बायका-लेकरं बार्शीकडे, नगरकडे, वऱ्हाडात उमरखेडकडे निघाली. पुरुष निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेले, करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, नाकी जळाली आणि त्यावर पोवाडे झाले. पोवाड्यात बाईला जागा दोनच: एक अब्रू लुटली गेलेली, दुसरी ओवाळून धाडणारी. जालन्याकडच्या एका शेतकरी बाईनं खरोखर हत्यार उचललं, तर तिलाही ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ करून मोकळे झाले!

जात्यावरची ओवी मुळात भावाशी आणि माहेराशी बोलणारी. तिच्यात लढाई यायची तर भावाच्या वाटेनंच येणार. माहेरी न्यायला येणारा मुराळी का आला नाही, या काळजीतून. पण गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं. पुढं ज्यांनी ओव्या टिपल्या ते म्हातारीला विचारायचे तेही मुक्तिसंग्रामाबद्दलच. विचाराल तसं मिळणार.

खरा वाद तारखेचा आहे. १३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या, १७ला निजामानं शरणागती पत्करली. तोच मुक्तिदिन, आणि या काळावरची गौरवाची कविताही बहुधा तिथंच थांबते. बायकांपुरती होरपळ तिथं थांबली नव्हती. त्यानंतर गावोगाव मुसलमानांवर जे गुदरलं, त्याच्या चौकशीला दिल्लीहून समिती आली. तिनं संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. बायका पळवल्याच्या आणि बलात्काराच्या नोंदी तिच्या अहवालात आहेत. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही.

१७ तारखेला रेघ मारावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की, पुढचं सांगत बसलं तर रझाकारांचे अत्याचार झाकले जातील. ज्यांची घरं जळाली त्यांच्या तोंडी हे समजू शकतं. पण त्या रेघेमुळे एकाच गल्लीतल्या दोन विधवांपैकी एकीचीच कविता होते. दुसरीचं दुःख दखनीत, उर्दूत कुणी म्हटलं असेल तर ते १७ सप्टेंबरच्या कविसंमेलनात येत नाही. निवेदकाच्या यादीतच ते नसतं.

१९६५ आणि १९७१च्या युद्धांनंतर आणि विशेषतः १९९९च्या कारगिलनंतर ‘वीरमाता’, ‘वीरपत्नी’ आल्या. सत्काराच्या मंचावर म्हटल्या जाणाऱ्या या कवितेत आई दुसरा मुलगाही द्यायला तयार असते. तिच्या डोळ्यांत पाणी आलंच तर ते अभिमानाचं. पेन्शनच्या कागदांसाठी घातलेले हेलपाटे, दिराशी जमिनीवरून झालेली कटकट, विशीतल्या सुनेनं पुन्हा लग्न करायचं की नाही यावर घरात चाललेली कुजबुज, हे त्या कवितेत शोधून सापडत नाही.