रोलरवरून उठलात की थांबू नका

"रोज रोलर फिरवतो, तरी स्क्वॉटला बसताना टाच उचलतेच. असं का?" हा प्रश्न आमच्या जिमच्या प्रत्येक बॅचमध्ये निघतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहोत. (रोलर म्हणजे अंगाखाली घेऊन स्नायूंवर फिरवायचा फोमचा गोल लोड; स्क्वॉट म्हणजे उठाबशीसारखं खाली बसून उठणं.)

रोलरनं सांधा जास्त वळतो, हे खरंच आहे. पण हा मोकळेपणा साधारण १० ते ३० मिनिटंच टिकतो. तेवढ्या वेळात स्नायू लांब होत नाही की 'गाठी फुटत' नाहीत. ताण सोसायची मज्जासंस्थेची तयारी तात्पुरती वाढते, एवढंच. एकाच पोटरीवर रोलर फिरवला तरी दुसऱ्या पायाचा घोटाही थोडा जास्त वळतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे मिळालेली मोकळीक लगेच वापरली नाही, तर ती वाया जाते.

नेमकं तेच होतं. रोलर झाला की मंडळी चटईवर बसून मोबाइल बघतात, पाणी पितात, गप्पा मारतात आणि मग थेट रॉडखाली जातात. फरक पडत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं रोलर फिरवतात आणि निम्मी बॅच त्यातच जाते.

आमच्याकडचा क्रम असा. आधी पाच मिनिटं भरभर चाला किंवा सायकल चालवा, अंगाला हलका घाम येऊ द्या. मग पोटरीखाली रोलर घ्या, दुसरा पाय त्या पायावर टाका आणि सावकाश पुढे-मागे करा. दुखरी जागा आली की तिथेच थांबून दोन-तीन श्वास घ्या आणि पाऊल वर-खाली हलवा. एका स्नायूला एक ते दोन मिनिटं पुरतात. उठलात की लगेच भिंतीपाशी जा: अंगठा भिंतीपासून चार बोटं मागे, टाच जमिनीला घट्ट, गुडघा भिंतीला टेकवायचा. दहा वेळा. जमलं की पाऊल आणखी मागे घ्या. त्यानंतर वजनाशिवाय स्क्वॉट, मग रिकामा रॉड, मग प्लेट.

दुखणं दहापैकी सहाच्या वर जाऊ देऊ नका. काळं-निळं पडेपर्यंत दाबल्यानं अंग उलट आखडतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी इतकी चिवट असते की रोलरनं ती ताणली जात नाही. त्याऐवजी मांडीचा पुढचा भाग आणि नितंब घ्या. गुडघ्याची वाटी, गुडघ्यामागची खळगी आणि कंबरेचा मणका यांवर रोलर नको.

"पैसे व्यायामाचे भरलेत, लोळायचे नाहीत," असं काही जण म्हणतात. तरीही उशिरा आलेल्यांनाही आम्ही वॉर्म-अपशिवाय वजनाला हात लावू देत नाही. सांध्यातलं वंगण हालचालीनं आणि उबेनं पातळ होतं; ते होईपर्यंत भार टाकायचा नाही, हा आमचा नियम आहे. जड वजनाआधी एकेक स्नायू मिनिटाहून जास्त ताणून धरला तर ताकद थोडा वेळ कमी पडते, म्हणून ते स्ट्रेचिंग आम्ही शेवटी घेतो.

रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पायांच्या शिरा फुगल्या असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा मधुमेहामुळे तळपाय बधिर होत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा.

पहिला रोलर साधा, गुळगुळीत, मध्यम कडक घ्या. उंचवट्यांचे कडक रोलरही आमच्याकडे मिळतात, पण नव्या माणसाला ते आम्ही सुचवत नाही. बॅचमध्ये वापरून बघा, मग ठरवा. वरच्या भिंतीच्या व्यायामात प्रत्येक पायाचा अंगठा भिंतीपासून किती मागे जातो, ते अंतर आम्ही सभासदांना मोफत मोजून देतो, ट्रेनरला सांगा. मोजताना पोटरी ताणली जाण्याऐवजी घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं वाटलं, तर अडचण सांध्यातली असू शकते. तिथे रोलरवर वेळ घालवू नका, आम्ही तुम्हाला फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगू.