वजन कळतं ते वळणावर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गोव्यातल्या सुमारे 45 टक्के घरांत चारचाकी असल्याचं दिसलं. देशात हे प्रमाण सर्वांत जास्त. त्यामुळे इथे गाड्यांबद्दल मत नसलेला माणूस विरळाच. म्हापशाच्या गॅरेजात बसा की फोंड्याच्या चहाच्या गाड्यावर, जुन्या गाडीवेड्यांची तक्रार एकच असते: आजच्या गाड्या जड, फुगलेल्या, आणि चालवायला मजा नाही. यातलं पाऊण खरं आहे. फक्त वजनाचा दोष ते भलत्याच ठिकाणी शोधतात.

पिकअपमध्ये तो सापडत नाही. पहिल्या पिढीतल्या मारुती 800 चं वजन साधारण 650 किलो आणि ताकद 40 अश्वशक्तीच्याही आत. म्हणजे टनामागे जेमतेम 60. आजची पेट्रोलवरची टाटा नेक्सॉन सुमारे 1,200 किलोची, पण तिचं टर्बो इंजिन 120 च्या आसपास ताकद देतं. टनामागे 100! वजन दुप्पट झालं, ताकद तिप्पट. सरळ रस्त्यावर जुनी गाडी हिच्या जवळपासही येणार नाही. शून्यापासून ताशी शंभरचा वेग कोण किती सेकंदांत गाठते हे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांना हे माहीत असतं, तरी ‘जुन्यात जी मजा होती’ हे पालुपद सुटत नाही. ते उगाच नाही.

साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढू लागलं की त्याचं उत्तर मिळू लागतं. शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र सांगतं की वळणावर वजनाने फरक पडू नये. गाडी जड असेल तर तिला वळवायला बल जास्त लागतं, हे खरं. पण टायर रस्त्यावर दाबलाही त्याच प्रमाणात जातो, म्हणून घर्षणही तितकंच वाढतं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं वस्तुमान कटतं आणि हलकी-जड दोघी एकाच वेगाने वळायला हव्यात.

रबर मात्र हे समीकरण पाळत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून काहीशी कमीच वाढते. त्यात वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. आतल्या टायरने जेवढी पकड गमावली, तेवढी बाहेरच्याने कमावलेली नसते. किती भार सरकेल हे ठरतं गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांच्या प्रमाणावरून. म्हणजे खरी गुन्हेगार नुसती जड गाडी नाही. जड आणि उंच गाडी. तिला सावरायला मग रुंद टायर येतात. मारुती 800 ला 145 मिलिमीटरचे, 12 इंची रिमवरचे टायर पुरायचे. नेक्सॉनला 215 चे, 16 इंची लागतात. ती चाकं स्वतःच जड, म्हणून खड्ड्यात धक्का मोठा. शिवाय नागमोडी रस्त्यावर डावीकडून उजवीकडे दिशा बदलताना जडत्व आड येतंच, त्याला रुंद टायरचा उपाय नाही.

मग गाड्या उंच का झाल्या? खड्डे आणि पावसाळी पाणी हे एक कारण. दुसरं करात दडलंय. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड, लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. लांबी अडली, तशी गाडी वर आणि बाजूला वाढली. नेक्सॉनची लांबी 3,995 मिलिमीटर आहे, हा योगायोग नाही. रुंदी मात्र 1.8 मीटर, मारुती 800 ची 1.44 होती. चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या वाड्यावरच्या रस्त्यात समोरून दुसरी आली की हा फरक आरशांना कळतो.

वजनाचा मोठा हिस्सा सुरक्षिततेचा आहे, आणि तिथे मी जुन्यांच्या बाजूने उभा राहणार नाही. जानेवारी 2014 मध्ये धडक-चाचणी घेऊन शून्य ते पाच तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच लोकप्रिय भारतीय मॉडेलं एअरबॅगविना ताशी 64 किलोमीटरने आपटून पाहिली; पाचही शून्य तारे. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉनला पाच मिळाले. जाड खांब, दारांतल्या सळ्या, एअरबॅगा, हे सगळं तराजूवर दिसणारच. खिडक्या आखूड होऊन पत्रा वर चढला, त्यातही कुशीवरच्या धडकेचा विचार आहेच. पण समोरच्या काचेशेजारचा तोच जाड खांब तिठ्यावर अख्खी स्कूटर लपवतो. आतल्याच्या जिवाची किंमत बाहेरच्याने मोजावी, असा हा व्यवहार.

धडकेतही तेच. 1,300 किलोची आणि 650 किलोची गाडी ताशी 50 ने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या हिशोबाने जड गाडीचा वेग सुमारे 33 ने बदलतो, हलकीचा 67 ने. शेजाऱ्याने मोठी घेतली की आपल्यालाही मोठी हवीशी वाटते, त्यामागे निव्वळ हौस नसते.

विजेच्या गाड्या या वादात गंमत आणतात. बॅटरीमुळे त्या आणखी जड, पण बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली. त्यामुळे घाटात त्या कमी कलतात, हे टीकाकारही मान्य करतात. माणसांसह 1,600 किलोची गाडी 600 मीटर उतरते तेव्हा सुमारे 2.6 युनिट ऊर्जा सुटते. पेट्रोल गाडीत ती ब्रेक आणि इंजिन तापवण्यात जाते. विजेच्या गाडीत मोटर जनित्र होऊन तिचा बराच भाग परत भरते. तेवढ्यावर पुढचे आठ-दहा किलोमीटर सहज निघतात. फक्त घाटमाथ्यावर मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला घेऊ नये. भरलेल्या बॅटरीत ती वीज मावत नाही, आणि मग सगळं काम ब्रेकवर येतं.