बार्टपासून व्होल्फपर्यंत: आवडत्या ख्रिस्ती धर्मचिंतकांमागचा इतिहास

आजच्या काळातले आवडते ख्रिस्ती धर्मचिंतक कोण, असं विचारलं की काही नावं हमखास निघतात: युर्गेन मोल्टमान, गुस्ताव्हो गुतिएरेस, जेम्स कोन, मिरोस्लाव्ह व्होल्फ. देश वेगळे, पंथ वेगळे. तरी एकाच वाचकाला ही सगळी माणसं जवळची वाटतात, याचं कारण शोधायला १९१४ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी ९३ जर्मन विद्वानांनी युद्धाचं समर्थन करणारं पत्रक काढलं. स्वित्झर्लंडमधल्या साफेनविल गावचे तरुण पाळक कार्ल बार्ट हादरले, कारण त्यावर त्यांचे गुरू अडोल्फ फॉन हार्नाक यांचीही सही होती. जे ईश्वरविज्ञान (देवाविषयीचा शिस्तबद्ध विचार, म्हणजे थिऑलॉजी) युद्धाला इतक्या सहज साथ देतं, त्याचा पायाच चुकला असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचं त्यांचं विवेचन १९१९ मध्ये आलं आणि १९२२ मध्ये त्यांनी ते जवळजवळ नव्याने लिहिलं. देव हा आपल्या संस्कृतीचा पाठीराखा नव्हे, हा त्याचा गाभा. चर्चने नाझी विचारांपुढे झुकू नये असं बजावणाऱ्या १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याचे मुख्य लेखक तेच. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ नाकारल्यामुळे त्यांची बॉन विद्यापीठातली जागा गेली. हिटलरला विरोध केल्यामुळे तुरुंगात गेलेले जर्मन पाळक डिट्रिक बोनहोफर यांनी तर ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी पत्करली. तुरुंगातली त्यांची पत्रं आजही वाचकाला झोपू देत नाहीत.

माझ्या लेखी मात्र या इतिहासाच्या मधोमध मोल्टमान आहेत. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि विमानविरोधी तोफेवर नेमलेले होते. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने छिन्नविच्छिन्न झाला, ते वाचले. धर्माचे संस्कार नसलेल्या घरातल्या या मुलाने त्या रात्री पहिल्यांदा देवाला हाक मारली. पुढे युद्धकैद्यांच्या छावणीत एका सैनिकी पाळकाने दिलेलं बायबल वाचताना ते मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या आक्रोशापाशी थांबले: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आपल्याला समजून घेणारा कुणीतरी आहे, असं त्यांना तिथे वाटलं. १९६४ चं ‘थिऑलॉजी ऑफ होप’ आणि १९७२ चं ‘द क्रूसिफाइड गॉड’ ही पुस्तकं या अनुभवातून आली. वधस्तंभावरचं दुःख देवाच्या अंतरंगापर्यंत पोचतं, हे मोल्टमान ज्या धीटपणे मांडतात, तसं मला दुसरीकडे क्वचितच सापडलं.

त्याच सुमारास पेरूमध्ये गुतिएरेस यांनी गरिबांच्या बाजूने मुक्तीचं ईश्वरविज्ञान मांडलं (१९७१), अमेरिकेत कोन यांनी कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून (१९६९). भारतात १९८१ मध्ये अरविंद निर्मळ यांनी बंगळूरला दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविज्ञानाची वाट खुली झाली. हे प्रवाह एकमेकांशी भांडलेही. दक्षिण अमेरिकेतल्या काहींना मोल्टमान फारच युरोपीय वाटत. पण १६ नोव्हेंबर १९८९ रोजी सैनिकांनी मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात, सान साल्वादोरच्या विद्यापीठात सहा येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू, घरकाम पाहणारी बाई आणि तिची मुलगी यांना ठार केलं. एक मृतदेह त्यांच्यातच राहणारे मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाचे धर्मचिंतक योन सोब्रिनो यांच्या खोलीत ओढून नेताना फळीवरून एक पुस्तक खाली पडलं आणि रक्तात भिजलं. ते ‘द क्रूसिफाइड गॉड’चं स्पॅनिश भाषांतर होतं. सोब्रिनो त्या वेळी परदेशात गेलेले असल्यामुळे बचावले.

व्होल्फ हे मोल्टमान यांचेच क्रोएशियन विद्यार्थी. शत्रूला मिठीत घेण्याविषयी ते १९९३ मध्ये बोलत होते, तेव्हा गुरूंनी उठून विचारलं की क्रोएशियात अत्याचार करणाऱ्या सर्ब चेतनिकाला (राष्ट्रवादी सर्ब लढवय्याला) तुम्ही मिठीत घ्याल का? नाही घेऊ शकणार, पण ख्रिस्ताचा अनुयायी म्हणून घेता यायला हवं, असं व्होल्फ म्हणाले. ‘एक्स्क्लूजन अँड एम्ब्रेस’ (१९९६) हे पुस्तक या उत्तराभोवतीच उभं आहे.

अशा लेखकांची निवड करताना त्यांचं जगणं बाजूला ठेवता येत नाही. अमेरिकन धर्मचिंतक जॉन हॉवर्ड योडर यांचं ‘द पॉलिटिक्स ऑफ जीझस’ (१९७२) अहिंसेवरचं महत्त्वाचं पुस्तक मानलं गेलं, पण त्यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं आणि संस्था वर्षानुवर्षं गप्प राहिल्या. त्या पुस्तकाचा प्रभाव समजून घेण्यासाठी ते वाचावं लागतं. माझ्या आवडत्यांत मात्र त्यांचं नाव नाही.