पुढचा हात खाली ठेवणे (बॉक्सिंग)

बॉक्सिंगच्या नेहमीच्या पवित्र्यात दोन्ही मुठी गालांशी असतात. पुढचा हात, म्हणजे उजव्या खेळाडूचा डावा, मुद्दाम छातीखाली किंवा पार कमरेपाशी ठेवून लढण्याची पद्धत या नोंदीत घेतली आहे. सवयीने किंवा दमून खाली आलेला हातही असाच दिसतो, पण त्याच्यामागे बचावाची दुसरी सोय नसते.

ती सोय म्हणजे खांदा आणि पाय. ‘फिली शेल’ प्रकारात डावा हात पोटावर आडवा, डावा खांदा हनुवटीपर्यंत उचललेला आणि उजवी मूठ गालाजवळ असते. समोरच्याचा उजवा ठोसा खांद्यावर घेऊन अंग जरा वळवले की तो घसरून जातो आणि उलट मारायला आपला उजवा मोकळा राहतो. जेम्स टोनी आणि धाकटा फ्लॉइड मेवेदर यांनी हे तंत्र फार वर नेले. मुहम्मद अलीची भिस्त मात्र पायांवर आणि मागे झुकण्यावर होती.

फायद्यांत पहिला जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाचा. तो खालून चढतो, त्यामुळे उशिरा दिसतो. ६ फूट १ इंच उंचीचा थॉमस हर्न्स असा जॅब चाबकासारखा काढी. शिवाय खांदा सैल राहतो, पोट झाकले जाते, आणि उघडा चेहरा हे आमिषही ठरते: समोरचा हावरटपणे उजवा टाकतो आणि अडकतो.

तोटा एकच, पण जबर: डावा गाल उघडा पडतो. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅक्स श्मेलिंगने जो लुईला बाराव्या फेरीत नॉकआउट केले ते याच फटीतून. जॅब मारल्यावर लुईचा डावा खाली येतो, हे त्याने आधीच हेरले होते. इथे १९७१ मध्ये जो फ्रेझरने अलीला पाडले त्याचा दाखला पुष्कळजण देतात, पण तो चुकीचा आहे. फ्रेझरचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, अलीच्या उजव्या जबड्यावर बसला होता. ती राखण मागच्या हाताची. डावखुऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे खांद्याची ढालही तोकडी पडते, कारण त्याचा जोरदार ठोसा दुसऱ्या बाजूने येतो.

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला हे फरी-गदक्यावरून चटकन समजते. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे या शहरात आखाड्याची भाषा घरोघरी रुळली. फरी म्हणजे डाव्या हातातली ढाल, गदका म्हणजे उजव्या हातातली मारायची काठी. बॉक्सरच्या पुढच्या हाताला मात्र एकाच वेळी फरीही व्हावे लागते आणि गदकाही. हात खाली ठेवणारा त्याचे फरीपण काढून खांद्याला देतो.

नवशिक्या पोराला खांद्याचे हे काम ठाऊकच नसते. जॅब मारून त्याची मूठ कमरेवरून फिरून परत येते. पॅड धरणारा सर तेवढ्यात दुसरा पॅड त्याच्या डाव्या गालावर टपकन लावतो. ‘‘काय रे, फरी घरी ठेवून आलास?’’ पोरगा हसतो, हात वर घेतो, आणि चौथ्या जॅबला मूठ पुन्हा कमरेवरून येते.