संकरित लिलीच्या कंदामागची वंशावळ

लिलीच्या कंदांच्या पाकिटावर ‘एशियाटिक’, ‘ओरिएंटल’, ‘एलए’ किंवा ‘ओटी’ असा एक छोटा शब्द छापलेला असतो आणि फुलाच्या रंगीत छायाचित्रापुढे तो सहसा नजरेतून सुटतो. वास्तविक बाग करणाऱ्याच्या सर्वाधिक उपयोगाची माहिती त्याच शब्दात असते, कारण कोणत्या मातीत तो कंद तग धरेल, त्याला थंडी किती लागेल आणि त्याचे झाड किती उंच होईल, हे बव्हंशी त्याच्या पूर्वजांवरून ठरलेले असते. हे पूर्वज म्हणजे आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेत पसरलेल्या लिलियम या प्रजातीतील सुमारे शंभर रानटी जाती. (रेन लिली, डे लिली आणि पीस लिली या प्रजातीत मोडत नाहीत, येथे त्यांचा विचार केलेला नाही.)

लिली बागेत आली ती फार पूर्वी. पांढऱ्या मॅडोना लिलीची चित्रे क्रीट बेटावरील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींवर आढळतात. मात्र इतक्या दीर्घ सहवासातही माणसाने तिचा जाणीवपूर्वक संकर केल्याचे दिसत नाही. युरोपातील बागांमध्ये रुळलेला सर्वांत जुना संकर, फिकट जर्दाळू रंगाची नॅनकीन लिली, हा मॅडोना लिली आणि ग्रीसमधील तांबडी लिलियम चाल्सेडोनिकम यांच्या अपघाती मीलनातून झालेला असून तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओळखला गेला.

खरी उलथापालथ पूर्व आशियातील जाती युरोपात पोहोचल्यावर झाली. १८०४ मध्ये विल्यम केर याने चीनमधून टायगर लिली लंडनजवळच्या क्यू उद्यानात पाठवली. १८३० च्या दशकात फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड याच्यामुळे जपानची लिलियम स्पेसिओसम युरोपात आली. आणि १८६२ मध्ये जॉन गूल्ड व्हीच याने आणलेली, पाकळ्यांवर सोनेरी पट्टे असलेली लिलियम ऑराटम लंडनच्या प्रदर्शनात झळकली. त्याच दशकाच्या अखेरीस बॉस्टनजवळ राहणारे इतिहासकार फ्रान्सिस पार्कमन यांनी शेवटच्या दोन जातींचा संकर करून एक भव्य फूल मिळवले. आजच्या ओरिएंटल गटाचा प्रारंभ तेथे मानायला हरकत नाही. पण इंग्लंडमधील एका रोपवाटिकेकडे गेलेला हा वाण कालांतराने रोगाला बळी पडून नाहीसा झाला.

अशी वाताहत त्या काळात वारंवार होत असे. नामांकित वाण बियांपासून नव्हे, तर कंदाच्या खवल्यांपासून किंवा कंदिकांपासून, म्हणजे झाडावर धरणाऱ्या छोट्या कंदांपासून, वाढवावा लागतो, आणि मातृवनस्पतीत विषाणू असेल तर तो प्रत्येक कंदिकेत उतरतो. त्यातच टायगर लिली विषाणू अंगात बाळगूनही निरोगी दिसू शकते. तिच्यावर बसलेली मावा ही कीड विषाणू घेऊन शेजारच्या नाजूक लिलीवर गेली की ती लिली मात्र खंगते. लिली म्हणजे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे, लहरी फूल अशी ख्याती झाली ती मुख्यत्वे या कारणाने, असे म्हणता येईल.

ही ख्याती पुसण्यास एका रानटी जातीने मोठा हातभार लावला. वनस्पतिसंग्राहक अर्नेस्ट हेन्री विल्सन यांना १९०३ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातील मिन नदीच्या रुक्ष खोऱ्यात रीगल लिली आढळली. १९१० मध्ये कंद गोळा करण्यासाठी ते पुन्हा तेथे गेले असता दरड कोसळून त्यांचा पाय मोडला आणि त्यांची चाल कायमची लंगडी झाली. कंद मात्र अमेरिकेत सुखरूप पोहोचले. रीगल लिली काटक होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती बियांपासून दोन-तीन वर्षांतच फुलत असे. विषाणू सहसा बियांतून पुढे जात नसल्यामुळे दर पिढीला निरोगी सुरुवात करता येऊ लागली, आणि संकर करणाऱ्याला आपल्या कामाचे फळ पाहण्यासाठी अर्धे आयुष्य थांबण्याची गरज उरली नाही.

कॅनडात इसाबेला प्रेस्टन यांनी ग्वेल्फ येथील कृषी महाविद्यालयात रीगल आणि सार्जंट लिली (चीनमधील आणखी एक रानटी जाती) यांचा संकर केला. पुढे ओटावा येथील सरकारी प्रयोगक्षेत्रात त्यांनी कडाक्याची थंडी सोसणाऱ्या लिलींची एक मालिका तयार केली आणि तिच्यातील वाणांना खात्यातील लघुलेखक महिलांची नावे दिली. नंतरच्या एका मालिकेस त्यांनी लढाऊ विमानांची नावे दिली. दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या, तर त्यांतून त्या काळाची चाहूल आपसूक लागते. फ्रान्समध्ये ऑर्लियां येथे देब्रा यांनी १९२० च्या दशकात हेन्री लिली (चीनमधील नारिंगी फुलांची जाती) आणि सार्जंट लिली यांचे मीलन घडवले. त्या शहराच्या लॅटिन नावावरून या वंशाला ऑरेलियन म्हणतात, आणि तुतारीच्या आकाराच्या लिलींना मिळालेल्या पिवळ्या व जर्दाळू छटा मोठ्या प्रमाणावर हेन्री लिलीच्या रक्तातून आल्या आहेत.

असे असले तरी संकरित लिली सामान्य बागेत नेण्याचे श्रेय द्यायचे झाल्यास ते यान द ग्राफ यांना द्यावे लागेल. डच कंदव्यावसायिकांच्या घराण्यातील या गृहस्थांनी अमेरिकेच्या ओरेगन राज्यात संकरित रोपे प्रचंड संख्येने वाढवली आणि त्यांतून निर्दयपणे निवड केली. १९४० च्या दशकातील त्यांचा ‘एन्चांटमेंट’ हा नारिंगी, आकाशाकडे तोंड करून फुलणारा वाण सर्व खंडांत पोहोचला. एशियाटिक गटाची आजची ओळख, म्हणजे लवकर येणारा बहर, ताठ दांडा, ठळक रंग आणि सुगंधाचा अभाव, या पिढीत पक्की झाली. ‘एन्चांटमेंट’च्या पानांच्या बेचक्यात लहान काळसर कंदिका धरतात, तो थेट टायगर लिलीचा वारसा आहे.

ओरिएंटल लिलींची फुले मात्र बराच काळ बाजूला किंवा खाली झुकलेली असत, त्यामुळे पुष्पविक्रेत्यांना ती पाठवणे अवघड जाई. ही अडचण कॅलिफोर्नियातील लेस्ली वुड्रिफ यांच्या ‘स्टार गेझर’ने १९७० च्या दशकात दूर केली. त्याच वुड्रिफ यांनी त्यापूर्वी, १९५७ मध्ये, स्पेसिओसम आणि हेन्री लिली यांच्यापासून ‘ब्लॅक ब्यूटी’ मिळवली होती. माझ्या मते ‘स्टार गेझर’च्या लौकिकापुढे या दुसऱ्या वाणाचे महत्त्व उगाच झाकोळले गेले, कारण दूरच्या दोन वंशांमधली भिंत तिने आधीच ओलांडली होती.

या भिंतीचे स्वरूप पुढे प्रयोगशाळेत उलगडले. दूरच्या जातीचे परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातील स्त्रीकेसराच्या टोकावर, रुजतात, पण त्यांची नलिका त्याखालच्या दांड्यात, म्हणजे कुक्षीवृंतातच थांबते. यावर उपाय म्हणून कुक्षीवृंत कापून, जेथे बी धरते त्या बीजांडकोशाजवळच पराग लावण्यात आले. तयार होणाऱ्या बीजात पोषणद्रव्य नसल्याने त्यातील कोवळा गर्भ काढून पोषक माध्यमावर वाढवण्यात आला. जपानमध्ये असानो आणि म्योडो यांनी या पद्धतीवरील काम १९७७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे ते पुढे नेले गेले. लिलियम लाँगिफ्लोरम ही पांढऱ्या फुलांची जाती आणि एशियाटिक यांच्या मीलनातून एलए, तर ओरिएंटल आणि तुतारी लिली यांच्या मीलनातून ओटी हे गट साकारले. ओटी लिली ‘ट्री लिली’ या दिखाऊ नावानेही विकल्या जातात. त्या झाड होत नाहीत, पण कंद मुरल्यावर माणसाची उंची सहज गाठतात.

घरच्या वाफ्यात या वंशावळीचा प्रत्यय लगेच येतो. ऑराटम आणि स्पेसिओसम यांच्या वंशातील ओरिएंटल लिलीला आम्लधर्मी माती लागते, आणि चुनखडीच्या जमिनीत तिची पाने पिवळी पडतात. तुतारी लिलींच्या वंशातील हेन्री लिलीला चुना सोसतो, त्यामुळे ओटी गट मातीबाबत बराच सोशीक असतो. बहुतेक आशियाई जातींना कंदाच्या वर, दांड्यालाही मुळे फुटतात. म्हणून त्यांच्या संकरांचे कंद स्वतःच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल लावतात. याउलट मॅडोना लिलीच्या कंदावर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर माती पुरते. निचरा मात्र सर्वांनाच हवा, कारण साचलेल्या पाण्यात कोणत्याही गटाचा कंद तळाशी कुजतो.

लिलीच्या कंदाला कांद्यासारखे कोरडे आवरण नसते. उघडे खवले हवेत लवकर सुकतात, त्यामुळे पूर्वी हे कंद काढले की थोड्याच काळात लावावे लागत. दमट पीटमध्ये (दलदलीत कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) उणे एक ते उणे दोन अंश सेल्सिअस तापमानाला कंद गोठवून ठेवण्याची डच पद्धत रूढ झाल्यावर ते कित्येक महिने टिकू लागले. फुलोऱ्यासाठी आवश्यक ती थंडी अशा कंदांना साठवणीच्या काळातच मिळालेली असते, त्यामुळे उबदार हवामानातही पहिल्या वर्षी फूल हमखास येते. दुसऱ्या वर्षी तेच कंद रुसतात, ते त्या थंडीची पुनरावृत्ती न झाल्यामुळे. वितळलेला कंद पुन्हा गोठवल्यास खराब होतो, म्हणून पाकीट हाती आल्यावर लागवड लांबवू नये.